माजी विद्यार्थ्याची सही

सुनंदाकाकू फॉर्म घेऊन आल्या तेव्हा मी बनियनवरच जेवत बसलो होतो. ताटात पापलेट होतं.

हे आधी सांगून टाकतो, कारण त्या दिवसापुरती सगळ्यात मोठी लाज हीच होती. याच्यापेक्षा मोठी पुढे आहे.

रविवार, दुपारचा दीड. काकूंनी दारातून ताटाकडे बघितलं आणि पटकन नजर भिंतीकडे वळवली. "जेव जेव, मी बसते ओट्यावर."

आई म्हणाली, "अहो या ना आत, तुम्ही पण दोन घास…" आणि मध्येच गप्प झाली.

आमच्या उमेळ्यापासून त्यांच्या पापडीपर्यंत ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे की काकूंनी चार वर्षांपूर्वी मासे सोडले. नुसते स्वतः नाही, घरातच बंद केले. माहेर मिठागराकडचं, लहानपणापासून सुकटीवर वाढलेली बाई. का सोडले तेपण सगळ्यांना माहीत आहे. संकेतला, त्यांच्या मोठ्या मुलाला, कॉलेजातून काढलं. कारण काकूंनी त्याला डब्यातून सुका जवळा नेऊन दिला होता. स्वतःमुळे पोराचं शिक्षण गेलं म्हणून त्यांनी देवासमोर उभं राहून मासे सोडले.

लोकांना एवढंच माहीत आहे. मला त्याच्या पुढचं माहीत आहे. आणि मी पापलेट खात होतो.

हात धुऊन बाहेर आलो. काकूंबरोबर रिद्धी होती, संकेतची धाकटी बहीण. यंदा बारावी झाली. ती आंब्याला टेकून मोबाईल बघत होती.

"रिद्धीचा धामचा फॉर्म आहे," काकू म्हणाल्या. "खाली माजी विद्यार्थ्याची सही लागते. तिथले बळीरामजी स्वतः फोनवर बोलले माझ्याशी. म्हनाले, घरातल्या एकावर शेरा आहे, म्हनून आम्हाला विचार करावा लागेल. पन पियुषने सही दिली तर डोळे झाकून घेऊ."

मी फॉर्म हातात घेतला. सहीच्या रेघेवर रिद्धीने माझं पूर्ण नाव आधीच लिहून ठेवलं होतं, सुंदर अक्षरात. नुसती सही करायची बाकी.

"तुला जायचंय?" मी रिद्धीला विचारलं.

"मला घराबाहेर जायचंय," ती मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली. "आई पाठवेल असं एवढं एकच ठिकाण आहे."

"गप गं," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "खरं सांग पियुष. फायदा होतो ना तिथं? तुझं बघ किती चांगलं झालं. संकेतचं माझ्यामुळे गेलं. पोरीचं तरी नीट होऊ दे."

संकेतचं माझ्यामुळे गेलं. हे वाक्य त्या इतक्या सवयीने बोलतात, जसं आपण पत्ता सांगतो.

मी म्हणालो, "पुढच्या रविवारी माणिकपूरला मीटिंग आहे ना धामची, तिथेच करतो सही. नीट वाचून."

नीट वाचून! काय वाचायचं होतं त्यात.

*

आम्ही त्याला नुसतं धाम म्हणायचो. शीलधाम महाविद्यालय. नाशिक जिल्ह्यात, डोंगराच्या पायथ्याशी, जवळच्या गावापासून सहा किलोमीटर आत. तीन वर्षं बीकॉम, आणि त्याच्याबरोबर धर्म. पहाटे चारला घंटा. गार पाण्याने आंघोळ. मोबाईल नाही, सिनेमा नाही, कांदा-लसूणपण नाही. घरून आलेलं पत्र उघडून मिळायचं. मुलींची शाखा वेगळी, टेकडीच्या पलीकडे. नियम तेच.

संकेत आणि मी एकत्रच गेलो. पापडीला एका घरी धामचा सत्संग असायचा, तिथे आमच्या आयांची ओळख झाली. दोन्ही घरं वाडीवाली, दोघांकडे केळी आणि फुलं, दोघांच्या पोरांना बारावीला जेमतेम मार्क. दोन्ही आयांनी ठरवलं, पोरं वाया जाण्यापेक्षा धामात जाऊ देत.

आता फायदा होतो का, याचं उत्तर.

होतो. खोटं कशाला बोलू. मी जाताना चार माणसांसमोर तोंड उघडू शकत नव्हतो. आज दोनशे माणसांसमोर बोलतो. इंग्रजी वाचता येतं. नऊ वाजता लोक डोळे चोळत असतात तेव्हा माझं अर्धं काम झालेलं असतं. माणिकपूरला ज्या सीएच्या ऑफिसात मी काम करतो ते साहेब सत्संगाला येणारे, धामचा मुलगा म्हणूनच त्यांनी मला ठेवलं.

हे सगळं धामने दिलं. म्हणून तर मला धामला नुसत्या शिव्या घालून मोकळं होता येत नाही.

पण तिथे शनिवार होता.

शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना एक कागदाची पट्टी मिळायची. तिला 'आरसा' म्हणायचे. त्यात आपल्या एका बंधूचा त्या आठवड्यात दिसलेला दोष लिहायचा. त्याचं नाव लिहायचं आणि खाली आपली सही. मग घडी घालून तांब्याच्या हंडीत टाकायची. गृहपती बळीरामजी रात्री सगळ्या वाचायचे. कोणी लिहिलं ते फक्त त्यांना माहीत. ज्याचा दोष असेल त्याला सोमवारी बोलावणं यायचं.

कोरी पट्टी टाकली तर तीन दिवस मौन. गळ्यात पाटी, 'मी मौनात आहे.' कारण बळीरामजी म्हणायचे, ज्याला भावाचा दोष दिसत नाही त्याचं भावावर प्रेमच नाही.

हे ऐकायला विचित्र वाटतं ना? तिथे नव्हतं वाटत. महिनाभरात आम्ही सगळे तयार झालो. कोणी काहीतरी फालतू लिहायचं. अमुक प्रार्थनेत डुलक्या घेतो. तमुक दुसऱ्याचा साबण वापरतो. संकेत तर एकदा माझ्याबद्दल लिहिणार म्हणून मलाच विचारायला आला, "ए, या आठवड्यात तुझा काय दोष टाकू? घोरतोस लिहू का?"

"घोरतो हा दोष आहे का?"

"मला तर आहे. तुझ्या बाजूला मी झोपतो."

आणि त्याने खरंच तेच लिहिलं. सोमवारी बळीरामजींनी मला बोलावून कुशीवर झोपायला सांगितलं. आम्ही दोन दिवस हसत होतो.

*

दुसऱ्या वर्षी, डिसेंबर. घरून माणसं भेटायला यायची त्याचा महिना.

सुनंदाकाकू आल्या. बरोबर सुकेळ्यांचा डबा. घरची राजेळी केळी वाळवून केलेली, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. फाटकावर डबा उघडून बघितला गेला. वरून सुकेळी, खाली सुकेळी. आणि मधल्या एका पुडीत, पानातच तशीच बांधलेली, जवळ्याची चटणी. खोबरं, लाल मिरची, भरपूर लसूण.

दीड वर्ष आम्ही काहीच चमचमीत खाल्लं नव्हतं. संकेतने पुडी दाखवली तेव्हा माझ्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं. जेवणातल्या चार पोळ्या खिशात लपवून आम्ही पाण्याच्या टाकीमागे गेलो. पुडी संपेपर्यंत एक शब्द नाही. मग हाताचा वास जाईना. राखेने हात घासले, साबणाने घासले, शेवटी संकेतने टूथपेस्ट आणली. बोटाबोटांना पेस्ट लावून आम्ही उभे, आणि हसू आवरत नाही.

तो मंगळवार होता.

शुक्रवारी बळीरामजींनी मला खोलीत बोलावलं. पुढच्या महिन्यात अग्रणी निवडायचा होता. अग्रणी म्हणजे सगळ्या मुलांमधला मुख्य. त्याला वेगळं टेबल, ग्रंथालयाची चावी, बाहेरच्या सभांमध्ये बोलायची संधी. बळीरामजी खूप मायेने बोलायचे, ते कधी ओरडलेले मला आठवत नाही. म्हणाले, "पियुष, तुझ्यात आहे. पण तुझे आरसे वरवरचे असतात. परक्याचा दोष दाखवायला धैर्य लागत नाही. जवळच्याचा दाखवायला लागतं."

बस. एवढंच. धमकी नाही, जबरदस्ती नाही. हे मी स्वतःला खूप वेळा विचारून बघितलंय, कुठे तरी मला घाबरवलं होतं का. नाही. मला चांगलं म्हणवून घ्यायचं होतं.

शनिवारी मी पट्टीवर लिहिलं, 'संकेतने घरून आलेला सुका मासा धामच्या आवारात खाल्ला.' खाली सही.

खाल्ला. एकट्या संकेतने. लिहिताना एकदाही हात थांबला नाही.

मला वाटलं होतं तीन दिवस मौन मिळेल. सोमवारी सकाळी त्याला मोठ्या सभागृहात सगळ्यांसमोर उभं केलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. बळीरामजींनी विचारलं, "खाल्लंस?" तो म्हणाला, "हो."

"बरोबर कोण होतं?"

संकेतने आमच्या रांगेकडे बघितलंसुद्धा नाही. "कोणी नाही. एकटाच होतो."

मी तिथे उठून उभं राहायला पाहिजे होतं. दोन सेकंदांचं काम होतं. मी मान खाली घालून चटईच्या काड्या बघत बसलो.

संध्याकाळच्या एसटीत त्याला बसवून दिलं. काकूंना सांगितलं की सेवकाला वास आला. पुढच्या महिन्यात मी अग्रणी झालो.

घरी आल्यावर संकेत कॉलेजात परत गेलाच नाही. पापडीतल्या एका मोटर वाइंडिंगवाल्याकडे हाताखाली लागला, आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. वाड्यांमधले पाण्याचे पंप जळले की सगळे त्याच्याकडे जातात. रस्त्यात भेटला की तोच हात करतो. "काय अग्रणी, बरं आहे ना?" टोमणा नसतो त्यात. त्यालाच विचारून बघा, तो म्हणेल पियुष माझा मित्र.

*

तर मीटिंग. माणिकपूरला दुकानांच्या वर एक हॉल आहे, तिथे. पन्नासेक आईवडील, थोडी मुलं. प्रत्येक खुर्चीवर एक पत्रक, आणि पत्रकावर माझा फोटो. कुर्ता घातलेला, हसरा. खाली लिहिलेलं, 'शीलधामने मला घडवले.'

बळीरामजी नाशिकहून आले होते. नियम सांगत होते. एका माणसाने विचारलं, "मोबाईल नाही म्हणजे अगदीच नाही?"

"अगदीच नाही."

मागून एक बाई म्हणाली, "मग ह्यांना पण घेता का? पैसे डबल देते." हॉल हसला. बळीरामजीपण हसले. ते छान हसतात.

मग मला पाच मिनिटं बोलायला उभं केलं. मी ठरवून आलो होतो की आज नेहमीचं बोलायचं नाही. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. माईक हातात आला, आणि तोंडातून नेहमीचंच सुरू झालं. मी कसा होतो, कसा झालो. चारची घंटा. शिस्त म्हणजे बंधन नाही, पंख. हे पंखवालं वाक्य माझंच आहे, मला ते आवडायचं. समोर दुसऱ्या रांगेत सुनंदाकाकू मान डोलवत होत्या. त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत फॉर्म.

टाळ्या झाल्या. बळीरामजी म्हणाले, "मुलांपैकी कोणाला पियुषला काही विचारायचंय?"

रिद्धी उभी राहिली.

"ते शनिवारी चिठ्ठी लिहायची असते ना, दुसऱ्याची चूक. समजा आपल्याला कोणाबद्दल काही लिहायचंच नसेल तर?"

मला माहीत नव्हतं की संकेतने तिला आरशाबद्दल सांगितलंय. बळीरामजींनी माझ्याकडे हात केला. "पियुष सांगेल. याचे आरसे फार प्रामाणिक असायचे."

मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "शोधलं की सापडतं."

लोक हसले. खूप हसले. मीपण हसलो.

रिद्धी नाही हसली. "ओके," म्हणाली आणि बसली.

*

खाली उतरलो. रिक्षा स्टँडच्या बाजूला उसाच्या रसाचं दुकान आहे, तिथे काकू थांबल्या होत्या. मे महिन्याचं ऊन. त्यांनी मला जबरदस्तीने बाकावर बसवलं, तीन ग्लास सांगितले, पिशवीतून फॉर्म काढला, पर्समधून पेन काढलं. "किती सुंदर बोललास रे. कर आता सही."

पेन हातात होतं.

मी म्हणालो, "काकू, तो जवळा मीपण खाल्ला होता."

काकू हसल्या. "मग? दोघांना पुरेल एवढाच भरला होता मी. मला काय माहीत नाही? संकेत एकटा खानारा आहे का."

"नाही, म्हणजे… चिठ्ठी मी लिहिली होती."

"कुठली चिठ्ठी?"

त्यांना कळेना. रिद्धीला कळलं. तिने ग्लास खाली ठेवला. "आई, दादाला वासामुळे नाही पकडलं. कोणीतरी लिहून दिलं होतं. दादाला पहिल्यापासून माहीत होतं की कोणीतरी दिलंय. कोणी ते नव्हतं माहीत." मग माझ्याकडे बघून, "तू?"

"हो."

काकूंनी ग्लास बाजूला ठेवला. चरकाचा आवाज चालू होता. मग म्हणाल्या, "मी देवासमोर नाक घासलं रे चार वर्षं. बहिनीच्या पोराच्या हळदीला नुसता वरनभात खाऊन आले." आवाज चढला नव्हता. जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट आठवून सांगत होत्या.

मी घाईघाईने बोलायला लागलो. म्हणालो, काकू, म्हणूनच सांगतो, रिद्धीला नका पाठवू. ती जागाच तशी आहे. तिथे माणूस असाच होतो. रोज थोडं थोडं शिकवतात, कळत पण नाही.

"किती पोरं होती तिथं?"

"आमच्या वर्गात साठ."

"साठच्या साठ लिहायची?"

"हो काकू. सगळेच लिहायचे."

"बरोबर बसून जेवला त्याच्याबद्दल?"

मी ग्लास बाकावर सरकवला.

"तुझा हात कोनी धरला होता का लिहिताना?"

"नाही."

"मग धामला कशाला पुढं करतोस?" काकू म्हणाल्या. "तिथलं चांगलं आहे तेवढं तुझं, आनि वाईट आहे ते धामचं? मघाशी वर काय बोललास, पंख का काय? आनि खाली येऊन हे. मी खरं कुठलं धरू?"

मी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

दुकानदाराने विचारलं, "काकी, बर्फ टाकू अजून?" काकूंनी मान हलवली. पदराने तोंड पुसलं. मग मला वाटलंच नव्हतं ते बोलल्या. "सही कर. संकेतचा दोष नव्हता, माझा पन नव्हता. मग पोरीने का नाही जायचं?"

"आई, थांब," रिद्धी म्हणाली. तिने फॉर्म उचलला, पेनही काढून घेतलं माझ्या बोटांतून. "दादाला माहितीय हे?"

"नाही."

"त्याला हा फॉर्म पण माहीत नाहीये. आईने लपवलाय, तो भांडेल म्हणून." तिने फॉर्मची घडी घालून माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली. "चिठ्ठीचं आणि फॉर्मचं, दोन्ही त्याला जाऊन सांग. आज. आत्ता. दुकान उघडं आहे त्याचं."

"रिद्धी, मी उद्या सकाळी—"

"तू आईकडे रविवार मागितलास ना? हाच तो रविवार."

*

पापडीला त्याचं दुकान म्हणजे एक शटर, आत लाकडी टेबल, आणि जमिनीवर उघडलेल्या मोटारी. मे महिना म्हणजे त्याचा सीझन. विहिरींचं पाणी खाली जातं, पंप जळतात. संकेत टेबलापाशी बसून हँडल फिरवत तांब्याची तार गुंडाळत होता. वेढे मोजत होता, ओठांतल्या ओठांत. मला बघून त्याने भुवया वर केल्या आणि डाव्या हाताने थांब अशी खूण केली. "अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. बस ना. मध्ये बोलू नको, आकडा चुकला की सगळं काढावं लागतं. पन्नास."

मी एका उलट्या बादलीवर बसलो. साठला त्याने हँडल थांबवलं, अंगठ्याने तार दाबून धरली. "बोल अग्रणी. ऑफिसचा पंखा जळला?"

मी सांगितलं. बळीरामजींची खोली, धैर्याचं ते वाक्य, पट्टी, सही. तिसरी रांग. सगळं. त्याच्या तोंडाकडे न बघता, त्याच्या अंगठ्याकडे बघत. अंगठा तारेवरून हलला नाही.

बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं.

"मला कमलाकर वाटला होता," संकेत म्हणाला. "कोपऱ्यातल्या खाटेवरचा, डहाणूचा. निघताना त्याला लय बोललो मी. आईवरून बोललो. तो नुसता रडत होता, मी नाही रे, मी नाही रे."

मला हे माहीत नव्हतं.

"तू तेव्हा एकटाच होतो असं का म्हणालास?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"दोघांनी घरी येऊन काय केलं असतं?" तो म्हणाला, जसं काही मी अगदीच सोपं गणित विचारलं.

मी खिशातून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. त्याने एका हाताने घडी उघडली. रिद्धीचा फोटो बघितला. खाली माझं नाव बघितलं, समोरची मोकळी जागा बघितली. "हे कधी?"

"गेल्या रविवारी काकू आल्या होत्या. मी सही नाही केली. मी त्यांना म्हटलं, नका पाठवू. सगळं सांगितलं त्यांना, की चिठ्ठी…"

"आईला सांगितलंस?"

"हो. आत्ताच, माणिकपूरला."

"रिद्धी होती?"

"होती."

तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मघापर्यंत तो चिडला नव्हता. मी चिठ्ठीचं सांगितलं तेव्हाही नाही. आता त्याचे कान लाल झाले.

"म्हणजे परत," तो म्हणाला.

"परत काय?"

"परत माझं तू मला सोडून दुसऱ्यांना सांगितलंस. आधी त्यांना, मग मला. माझी आई रस्त्यावर उभी राहून माझ्याबद्दल ऐकते, माझी बहीण ऐकते, आणि मी इथे तार गुंडाळतोय. धामातून आल्यापासून रोज इथून जातोस रे तू. रोज मी हात करतो."

"त्यांनी सही मागितली म्हणून विषय निघाला—"

"नसती मागितली तर?"

दोघांनाही उत्तर माहीत होतं.

"रिद्धीने तिथे जाऊ नये, संकेत," मी म्हणालो. "एवढंच मला—"

"तिथे काय आहे ते मला माहितीय. दीड वर्ष मीपण होतो. चारला उठायची सवय तिथलीच आहे, साडेपाचला शटर उघडतो मी. सगळंच वाईट नव्हतं." त्याने फॉर्म घडी करून टेबलाच्या खणात टाकला. "तिला जायचं का नाही ते आम्ही तिघं बसून ठरवू. तू जा पण म्हणू नकोस, नको पण म्हणू नकोस. आमच्या घरातल्या कोणाबद्दल तू आता कोणालाच काही सांगू नकोस. चांगलं पण नको. कळलं?"

"कळलं."

"कमलाकरचा नंबर असेल तुझ्याकडे? अग्रणीकडे सगळ्यांचे असायचे."

माझ्याकडे होता. मी मोबाईल काढून वाचून दाखवला, त्याने पेन्सिलने भिंतीवर लिहून घेतला. लिहिताना त्याचा दुसरा हात सुटला. अंगठ्याखालची तार सैल होऊन वेढे एकावर एक घसरले.

त्याने त्यांच्याकडे बघितलं. मग शांतपणे सगळी तार उलट फिरवून काढायला लागला. पूर्ण, साठच्या साठ वेढे. मी बादलीवरून उठलो, पण पाय निघेना. वाटलं, एवढं झाल्यावर तो एक तरी शब्द बोलेल. शिवी तरी घालेल.

त्याने हँडल धरलं, तारेचं टोक खाचेत अडकवलं.

"तू जा आता," तो म्हणाला. "तू इथे असलास की मला मोजता येत नाही."

मी बाहेर आलो. मागून त्याचा आवाज येत होता. एक, दोन, तीन.